चारशे बाराची किल्ली

मित्रांनो, मी एक जुनी किल्ली आहे. घराची नाही, कपाटाची नाही, तिजोरीची तर नाहीच नाही. मी एका हॉटेलातल्या खोलीची किल्ली आहे, आणि ते हॉटेल इतकं लांब आहे की तिथे सकाळचा नाश्ता मांडतात तेव्हा इथे, ऑकलंडजवळच्या हेन्डरसनमध्ये, दिवे लागलेले असतात. माझ्या गळ्यात पितळेचा एक लोलक आहे, लहान पेरूएवढा. त्यावर ४१२ हा आकडा कोरला आहे. हल्ली मी एका लाकडी घरात, पुढच्या दाराजवळच्या खिळ्यावर असते. पाहुणे येतात, मला हातात घेऊन वजन बघतात आणि शोभेची वस्तू छान आहे म्हणतात. शोभेची मी कधीच नव्हते. मी कामाची होते आणि अजून आहे. ते कसं, तेच सांगते.

माझा जन्म माली देशाच्या राजधानीत झाला, बामाको शहरात. खोली नंबर चारशे बाराची मूळ किल्ली कुलपाबरोबर फ्रान्सहून आली होती. ती एका पाहुण्याच्या हातून नदीत पडली. मग बाजारातल्या सिदीकी कुलूपवाल्याला बोलावणं गेलं. त्याने एक कोरा तुकडा घेतला, मॅनेजरकडची नमुन्याची किल्ली शेजारी धरली आणि मला कानशीने घासायला बसला. दात घासताना फार त्रास होतो हो, तुमचे नव्हेत, माझे. पहिल्यांदा मी कुलपात अडले. सिदीकीने मला बाहेर काढलं, फुंकर घातली, आणखी दोनदा घासलं आणि कुलपाला म्हणाला, "आता भांडू नकोस, हीच तुझी." तेव्हापासून कुलूप आणि मी कधी भांडलो नाही.

लोलक मुद्दाम एवढा जड केला होता. एवढं ओझं खिशात घालून कुणी गावभर फिरणार नाही, हा त्यामागचा विचार. विचार चांगला होता. मराठी माणूस तोवर त्या हॉटेलात उतरला नव्हता.

हॉटेल मोठं दिमाखदार. आठ मजले, खाली गार संगमरवरी फरशी, मागे पोहण्याचा तलाव, आणि तलावापलीकडे नायजर नदी. नदी अशी की पलीकडच्या काठावरचं माणूस नीट दिसायचं नाही. सोन्याच्या खाणीवाले, कापसाचे व्यापारी, बँकांची माणसं, टाय लावून येणारे सरकारी पाहुणे, सगळे तिथेच उतरायचे. सकाळी त्यांच्या गाड्या पोर्चमध्ये लागायच्या आणि त्याच वेळी खाली काठावर बायका धुणं धूत असायच्या, लांबट होड्यांमधून मासे उतरायचे. चारशे बाराच्या खिडकीतून दोन्ही दिसायचं. अशी खोली माझ्या वाट्याला आली याचा मला थोडा तोरा होता, खोटं कशाला बोलू.

माझी खरी जागा मात्र खाली, स्वागतकक्षातल्या फळीवर. फळीवर ओळीने खिळे, प्रत्येक खिळ्याखाली आकडा. या फळीची मालकीण मदाम ऐसाता. पन्नाशीची बाई, डोक्याला निळा रुमाल, नाकावर घसरलेला चष्मा. दर शनिवारी ती आम्हा सगळ्यांना लिंबाने घासून लखलखीत करायची. त्या हॉटेलचा सगळा कारभार आमच्या भाषेवर चालायचा, आणि भाषा अगदी सोपी होती. पाहुणा बाहेर निघाला की किल्ली मदामकडे द्यायची. किल्ली खिळ्यावर असली, म्हणजे पाहुणा बाहेर. खिळा रिकामा, म्हणजे पाहुणा खोलीत. त्यावरून खोल्या झाडल्या जायच्या, निरोप पोहोचायचे, फोन जोडले जायचे. अकरा वर्षं मी हे काम केलं, आणि एकदाही खोटं बोलले नाही.

मग १९९६च्या जुलैत डॉक्टर गुरुनाथ आले.

त्यांच्याविषयी सांगते. वय बेचाळीस, उंच, खांदे थोडे पुढे आलेले. मूळचे मिरजेचे. चार वर्षांपूर्वी बायको कल्याणी आणि मुलगी श्रुती यांना घेऊन ते न्यूझीलंडला आले होते. पण इथली परीक्षा पास झाल्याशिवाय इथे डॉक्टरकी करता येत नव्हती. ती परीक्षा ते दोनदा नापास झाले होते. तिसऱ्यांदा देऊन निकालाची वाट बघत होते, म्हणजे खरं तर वाट बघणं त्यांनी सोडून दिलं होतं. कल्याणी औषधांच्या दुकानात कामाला होती आणि डॉक्टर एका डेअरीत. डेअरी म्हणजे इथे दुधाची नव्हे. कोपऱ्यावरच्या किरकोळ दुकानाला इथे डेअरी म्हणतात. कुणी "किया ओरा", म्हणजे इथला नमस्कार, म्हणत आत आलं की डॉक्टर आधी त्याची नखं आणि सुजलेले घोटे बघायचे आणि मग काय हवं ते विचारायचे. एका म्हातारबाईंना त्यांनी पावाबरोबर सांगितलं होतं की मावशी, रक्त तपासून घ्या. बाईंनी तपासून घेतलं, आणि डॉक्टरांचं बरोबर निघालं. पण पाव विकणाऱ्याचं बरोबर निघून काय उपयोग, असं ते हॉटेलच्या खिडकीत बसून स्वतःशी म्हणत. मी तेव्हा पलंगाशेजारच्या मेजावर असायची. किल्लीला सगळ्या भाषा कळतात, मित्रांनो. खिशात राहिलं की माणूस काय बोलतो यापेक्षा का बोलतो ते आधी कळतं.

बामाकोला ते एका नोकरीसाठी आले होते. दूर खाणीवरच्या दवाखान्याला डॉक्टर हवा होता. तिथे त्यांची मिरजेची पदवी चालणार होती. अट एकच: दोन वर्षं एकट्याने राहायचं, कुटुंब आणायचं नाही. कंपनीने आठवडाभर हॉटेलात ठेवलं होतं, दवाखाना दाखवला होता, आणि गुरुवारी सकाळी दहाला करारावर सही ठरली होती. डॉक्टर सहीच्या बाबतीत जुन्या वळणाचे. एकदा सही केली की केली, मग आकाश कोसळलं तरी दोन वर्षं तिथे राहायचं.

आता त्यांची सवय सांगते, कारण पुढचं सगळं त्या सवयीमुळे झालं. ऑकलंडच्या विमानतळावर कल्याणीने त्यांना बजावलं होतं की पासपोर्ट, तिकीट आणि खोलीची किल्ली, या तीन वस्तू कुणाच्या हाती द्यायच्या नाहीत. तिच्या आईनेही तिला हेच शिकवलं होतं. परक्याच्या हातात किल्ली म्हणजे त्यांच्या घरात दार सताड उघडं टाकल्यासारखं. पहिल्या दिवशी डॉक्टर बाहेर निघाले तेव्हा मदामने हात पुढे केला. डॉक्टरांनी तो हात हातात घेऊन नमस्कारासारखा दाबला आणि मला खिशात घेऊन चालू पडले. दुसऱ्या दिवशी मदामने इंग्रजीत नीट समजावून सांगितलं. डॉक्टर "येस, येस" म्हणाले आणि पुन्हा मला घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी मदाम म्हणाली, "मस्यू गुरू, ती किल्ली आहे, तुमची बायको नव्हे. मी तिला पळवून नेणार नाही." डॉक्टर मनापासून हसले. पण किल्ली काही दिली नाही.

त्यांच्या पॅन्टच्या उजव्या खिशात, चष्म्याच्या डबीवर, मी पाच दिवस राहिले. माझ्या वजनाने पॅन्ट एका बाजूला ओघळायची आणि ते चालता चालता ती वर ओढायचे. सकाळी कल्याणीने फोटोच्या रोलच्या रिकाम्या डब्यांत भरून दिलेली लसणीची चटणी लांबट फ्रेंच पावाला लावून खायचे आणि नदीकाठी फिरायला जायचे. एकदा काठावर थांबून म्हणाले, "कृष्णेच्या चौपट आहे." मग पॅन्ट वर ओढून पुढे चालू लागले.

गुरुवारी ते आठलाच नदीकाठी फिरायला बाहेर पडले. तिकडून परस्पर सही करायला जायचं होतं. मी खिशात. आणि माझा खिळा रिकामा.

त्याच वेळी हेन्डरसनच्या घरात काय चाललं होतं ते मला नंतर कळलं, पण इथेच सांगते, नाहीतर गोंधळ होईल. सकाळी टपालपेटीत एक पाकीट पडलं होतं. कल्याणी कामावरून संध्याकाळी घरी आली, तिने उभ्या उभ्याच ते फोडलं. परीक्षेचा निकाल होता, अपेक्षेपेक्षा महिनाभर आधी आलेला. डॉक्टर पास झाले होते. श्रुती तेव्हा अकरा वर्षांची. तिने ते पत्र तीनदा मोठ्याने वाचलं. मग कल्याणीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तिला सहीची वेळ ठाऊक होती, पण कंपनीच्या कचेरीचा नंबर तिच्याकडे नव्हता. होता फक्त हॉटेलचा.

फोन लागता लागेना. साडेआठला लागला. मदाम ऐसाताने फळीकडे पाहिलं. चारशे बाराचा खिळा रिकामा. तिने कल्याणीला सांगितलं की साहेब खोलीतच आहेत, जोडून देते. खोलीतला फोन वाजला, वाजला आणि थांबला. आंघोळीला असतील, मदाम म्हणाली. पंधरा मिनिटांनी कल्याणीने पुन्हा फोन केला. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी कल्याणी म्हणाली की ते पाचला उठणारे आहेत, दोन वेळा फोन वाजून उचलला नाही असं होणार नाही, कृपा करून वर जाऊन बघा.

मदाम स्वतः वर गेली. दार ठोठावलं, मग मॅनेजरच्या किल्लीने उघडलं. आत कुणी नाही. पलंगावरच्या चादरीची नीट घडी, कारण डॉक्टर स्वतःचं अंथरूण स्वतः आवरायचे. चपला भिंतीशी जोडीने लावलेल्या. खिडकीच्या कट्ट्यावर चटणीच्या डब्या ओळीत. आणि खिडकी उघडी. हॉटेलात पाहुणे असं आवरून ठेवत नाहीत, मित्रांनो. फार नीटनेटकी खोली पाहिली की हॉटेलची माणसं आधी खिडकीखाली बघतात. मदामने माळ्याला काठावर बघायला पाठवलं आणि फोनवर खरं ते सांगितलं: किल्ली इथे नाही, म्हणजे ते आत असायला हवेत, आणि आत ते नाहीत.

कल्याणीने विचारलं, नदी हॉटेलपासून किती लांब आहे.

"लांब कुठली, मदाम," ऐसाता म्हणाली. "खिडकीखालीच आहे."

गेल्या वर्षभरात नवऱ्याचं बोलणं कसं कमी कमी होत गेलं ते कल्याणीने पाहिलं होतं. तिच्या मनात काय आलं ते तिने श्रुतीलाही सांगितलं नाही. फक्त एक निरोप लिहून घ्यायला सांगितला आणि रिसीव्हर हातात धरूनच ती खुर्चीवर बसली.

आणि मी? मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका कचेरीच्या सोफ्यावर, डॉक्टरांच्या मांडीला टोचत होते. मला यातलं काहीही ठाऊक नव्हतं.

समोर सिसोकोसाहेब बसले होते. खाणीच्या कचेरीचे प्रमुख, बारीक अंगाचे, बोलताना भुवया उडवणारे. मेजावर करार. शेवटचं पान उघडं. डॉक्टरांनी खिशातून त्यांचं जुनं शाईचं पेन काढलं, टोपण उघडलं आणि ओळी शोधू लागले. अक्षरं बारीक. चष्मा लागला. चष्मा उजव्या खिशात, आणि त्यावर मी. म्हणून आधी मला बाहेर काढावं लागलं. त्यांनी मला मेजावर ठेवलं. ठण्ण असा आवाज झाला.

सिसोकोंची भुवई वर गेली. "ही इथे कशी?"

"माझ्या खोलीची आहे," डॉक्टर म्हणाले.

"ते दिसतंय. पण ती तुमच्याजवळ, म्हणजे हॉटेलच्या लेखी तुम्ही खोलीत आहात. साडेनऊ वाजून गेले. एव्हाना तुमचं दार ठोठावून थकले असतील."

डॉक्टर ओशाळले. म्हणाले, सही करून टाकतो आणि लगेच जातो. पण सिसोकोंनी फोन ओढलाही होता. "तुम्ही मदाम ऐसाताला ओळखत नाही. मी ओळखतो. तुम्ही करा सही, मी एवढं कळवतो."

आता त्या देशातली एक रीत सांगायला हवी. काही ठरावीक आडनावांची माणसं एकमेकांची थट्टेची नातलग असतात. भेटली की आधी एकमेकांना टोमणे मारायचे. नाही मारले तर समोरच्याला वाटतं, हा रागावला. सिसोको आणि ऐसाता असेच थट्टेचे नातलग. त्यामुळे फोन लागल्यावर आधी रात्र शांततेत गेली का, घरचे बरे आहेत का, मुलं बरी आहेत का, हे सगळं झालं. मग सिसोकोंनी तिथला नेहमीचा टोमणा मारला, "काय ग चवळीखाऊ, आज किती पातेली संपवलीस?"

इकडे डॉक्टरांनी चष्मा चढवला होता. शेवटची ओळ सापडली होती. निब कागदाला टेकलं.

पलीकडून ऐसाताचा आवाज आला, मला मेजावर तो स्पष्ट ऐकू येत होता. "तुझ्या बापाने शिल्लक ठेवली नाही, मी कुठून खाऊ. पण आज मला वेळ नाही, सिसोको. माझा एक पाहुणा हरवलाय. माळी नदीवर शोधतोय."

"कुठला पाहुणा?"

"चारशे बारा."

सिसोकोंनी माझ्याकडे पाहिलं. मग हसायला लागले. "तुझा हरवलेला चारशे बारा माझ्यासमोर सही करतोय."

पलीकडे हसू आलं नाही. मदाम काहीतरी वाचून दाखवू लागली. ऐकता ऐकता सिसोकोंचं हसणं थांबलं. त्यांनी डावा हात लांब करून कागदावर ठेवला, डॉक्टरांच्या पेनाखाली.

"थांबा, डॉक्टर," ते म्हणाले. "तुमच्या पत्नीचा निरोप आहे. पत्र आलंय. तुम्ही पास झालात. सही करायची की नाही ते तुम्हीच ठरवा, पण ठरवायच्या आधी तुम्हाला कळायला हवं, असं त्या म्हणाल्या."

डॉक्टरांनी त्यांना पुन्हा सांगायला सांगितलं. सिसोकोंनी पुन्हा सांगितलं, शब्द न शब्द. कागदावर शाईचा एक ठिपका पडला होता, त्यापुढे काही नाही. डॉक्टर पेनाचं टोपण बसवू लागले. ते बसेना. शेवटी सिसोकोंनी पेन त्यांच्या हातून घेतलं, टोपण लावलं आणि परत त्यांच्या खिशाला अडकवलं.

"आम्हाला डॉक्टर मिळत नाही," सिसोको म्हणाले, "आणि तुमच्याकडे म्हणे डॉक्टर पाव विकतो. जग मोठं गमतीशीर आहे. जा तुम्ही."

डॉक्टर उठले, बसले, पुन्हा उठले. म्हणाले, "मी तुम्हाला दुसरा डॉक्टर शोधून देईन. वचन देतो." आणि मला उचलून घेतलं.

हॉटेलात शिरल्यावर ते थेट मदामसमोर गेले. माळी ओल्या पायांनी बाजूला उभा होता. डॉक्टरांनी, पाच दिवसांत पहिल्यांदाच, मला मेजावर ठेवलं आणि तिच्याकडे सरकवलं. तिने मला घेतलं, खिळ्यावर अडकवलं, क्षणभर पाहिलं, पुन्हा काढलं आणि त्यांच्या हातात दिलं.

"आता वर जा," ती म्हणाली. "फोन जोडते. तुम्ही आत आहात हे मला कळू दे."

वर फोन वाजला तेव्हा कल्याणीने पास झाल्याचं आधी सांगितलंच नाही. तिने विचारलं, "अहो, किल्ली कुठे होती?"

"खिशात."

"मीच सांगितलं होतं कुणाला देऊ नका म्हणून."

"हो."

"चुकलंच माझं." मग दोघंही रिसीव्हर धरून बसली. एवढ्या लांबचा फोन असा नुसता चालू ठेवलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर निघाले. मदामने गाडी बोलावली होती, सामान गेलं होतं, सगळ्यांचे हात हातात घेऊन निरोप झाला होता. आणि या सगळ्या गडबडीत मी कुठे होते? उजव्या खिशात. माझ्या वजनाची त्यांना इतकी सवय झाली होती की मी आहे हे त्यांना कळलंच नाही. कळलं ते पॅरिसच्या विमानतळावर, तपासणीच्या चौकटीतून जाताना ती कोकलली तेव्हा. डॉक्टर कानापर्यंत लाल झाले. घरी पोहोचल्यावर कल्याणीने मला तळहातावर घेतलं आणि म्हणाली, "हॉटेलातले टॉवेल उचलून आणणारे ऐकलेत. किल्ली आणणारे तुम्हीच पहिले."

मला लगेच परत पाठवायचं ठरलं. माझ्या लोलकावर फ्रेंचमध्ये लिहिलेलंच आहे की सापडल्यास कुठल्याही टपालपेटीत टाका. पण नुसतं टाकणं डॉक्टरांना बरं दिसेना. सोबत माफीचं पत्र हवं. पत्र फ्रेंचमध्ये हवं. फ्रेंच कुणाला येत नव्हतं. लोलकावरचा पत्ताही निम्मा झिजला होता. म्हणून मला तात्पुरतं स्वयंपाकघराच्या खणात ठेवलं. मित्रांनो, तात्पुरतं या शब्दापासून सांभाळून राहा. मी त्या खणात दोन वर्षं होते. शेजारी संपलेले सेल, रबरबँड, वाढदिवसाच्या मेणबत्त्यांची थोटकं आणि जॅन्डलचा, म्हणजे इथल्या स्लीपरचा, तुटलेला पट्टा. लिंबाने घासणारं कुणी नाही. माझ्या पितळेवर हिरवट डाग चढले. डॉक्टर हॉस्पिटलात लागले होते, खऱ्या डॉक्टरकीवर. त्यांना खण उघडायला सवड नव्हती. त्यांचा मला राग आला नाही. पण ज्या खिळ्यावर कुणी वाट बघत नाही अशा जागी पडून राहणं काय असतं, ते मला तेव्हा कळलं.

१९९८ साली श्रुतीने शाळेत फ्रेंच घेतलं. एके दिवशी ती चिकटपट्टी शोधत होती आणि मी हाताला लागले. "डॅड, यू स्टोल अ की?" ती म्हणाली. तिला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीतच यायचं. बापाने तिला बसवून सगळी हकिगत सांगितली. तिने शब्दकोश पुढ्यात घेऊन तीन दिवस खपून मदामला पत्र लिहिलं. हॉटेल अजून आहे का, किल्ली पाठवली तर पोहोचेल का, आणि आम्हाला फार वाईट वाटतं. उत्तर येईपर्यंत मी पुन्हा विसरली जाऊ नये म्हणून कल्याणीने मला चिंचेने घासलं आणि दाराजवळ, ऑकलंडच्या सँडरिंगहॅम भागातल्या वाण्याने दिलेल्या कॅलेंडरशेजारी, एक खिळा ठोकून अडकवलं.

तीन महिन्यांनी उत्तर आलं. श्रुती ते इंग्रजीत सांगायला लागली तेव्हा कल्याणीने तिला थांबवलं. "मराठीत सांग. त्या बाईशी मी बोलले इंग्रजीत, पण घाबरले होते मराठीतच." मग श्रुती अडखळत, मध्येच शब्दकोशात आणि मध्येच आईकडे बघत सांगू लागली. एवढं सलग मराठी ती कित्येक वर्षांत बोलली नव्हती.

मदामने लिहिलं होतं की हॉटेल आहे, पण आता दारांना नवी कुलपं बसवली आहेत. प्लास्टिकचं कार्ड घातलं की उघडणारी. जुनी कुलपं बाजारात सिदीकीकडे मोडीत गेली. फळी काढून टाकली. आता कोण आत आणि कोण बाहेर हे विचारल्याशिवाय कळत नाही. तुम्ही खाणीसाठी पाठवलेले तुमचे मिरजेचे मित्र, डॉक्टर हरीश, दोन वर्षं पूर्ण करून नुकतेच गेले. ते शहरात आले की आमच्याकडेच उतरायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी किल्ली माझ्यासमोर ठेवली आणि शाळेतल्या मुलासारखे ताठ उभे राहिले. तुम्ही त्यांना बजावलं होतं ना?

श्रुती थांबली. पुढची ओळ तिने मनात वाचून घेतली आणि मग हळू सांगितली.

"चारशे बाराची किल्ली परत पाठवू नका. तिचं दार आता इथे नाही. ती तुमच्याकडेच ठेवा. फक्त बाहेर जाताना खिळ्यावर लावत जा. घरात जी माणसं आहेत, त्यांना कळू दे."

माझं कुलूप मोडीत गेलं हे मला असं समजलं. वाईट वाटलं. सिदीकीच्या बाजारात ते कुठल्या तरी ढिगात असेल, आणि त्याच्या पोटात माझ्या दातांची खूण असेल. पण बसून वाईट वाटून घ्यायला मला वेळ मिळाला नाही. दुसऱ्याच सकाळी डॉक्टर ड्युटीला निघाले, दाराशी थांबले, आणि त्यांनी मला खिळ्यावर लावलं. संध्याकाळी आले आणि उतरवून मेजावर ठेवलं. तेव्हापासून रोज असंच. श्रुती शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी खिळा बघते. खिळा रिकामा असला की पाय न वाजवता आत जाते, कारण रात्रपाळी करून बाबा आत झोपलेले असतात. मी उघडते असं एकही दार आता जगात उरलं नाही. पण या घरात माझी भाषा चालते.

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखी वस्तू असेल तर तिला तात्पुरती खणात टाकू नका. महिन्यातून एकदा चिंच किंवा लिंबू लावा. आणि बाहेर पडताना घरात कुणीतरी तुमचा खिळा बघत असतं हे लक्षात असू द्या. सांगून जा. दोन शब्द लागतात.

आत्ता मी खिळ्यावर आहे. म्हणजे डॉक्टर बाहेर आहेत. कल्याणीने चहाचं आधण ठेवलंय, अंदाजानेच. फाटक वाजलं. पायरीवर बूट झटकल्याचा आवाज आला.

आता मला उतरवतील.